दुसरा तबला

उद्या संध्याकाळी भजनाचा कार्यक्रम आहे. बुवा काळी एकमध्ये गातात. त्या सुराचा तबला पिशवीत भरून झाला आणि नेहमीचा प्रश्न पुढे आला. त्याच सुराचा दुसराही घ्यायचा का? जायचं एसटीने. एका हातात डग्गा, खांद्याला तबला, त्यात आणखी एका शिसवी खोडाचं ओझं.

तानपुऱ्याची जोडाची तार तुटली, तर गवयाचं चहापाणी होईपर्यंत नवी चढते. पेटीचा एखादा सूर बसला, तर वाजवणारा तो चुकवून निभावून नेतो. तबल्याचं तसं नाही. वादी एकच असते, सोळा घरांतून खाली-वर ओवलेली. ती एका जागी तुटली की सगळाच ताण जातो. सूर उतरला तर गट्टे आहेत, हातोडी आहे. पण पुडीच फाटली तर नवी ओढून, ताणून सुरात आणणं बैठकीतलं काम नव्हे. जे जागेवर दुरुस्त होतं, त्याचा सुटा भाग जवळ असला तरी भागतं. तबला मात्र अख्खाच न्यावा लागतो.

हे मला भाद्रपदात कोकणात, एका गणपतीपुढे कळलं. बाहेर पाऊस, हवा ओली, पुडी सारखी उतरत होती. मी दर अभंगाआधी गजऱ्यावर हातोडी मारून ती चढवत राहिलो, आणि धुमाळी रंगात आली असताना चाटेपाशी ती फाटली. बुवांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग झांजेवर ठेका सोपवून त्यांनी अभंग पुरा केला. कोणी काही बोललं नाही. पण चढत चाललेलं गाणं माझ्यापायी खाली आलं, याचं मला आजही वाईट वाटतं. साथीला बसणारा दुसऱ्याच्या मैफलीत बसलेला असतो. तिथे ओझ्याचा विचार त्याने आपल्या खांद्यापुरता करू नये.

पुढच्या खेपेला मी दुसरा नेला. तोही फसला, कारण तो चार महिने कपाटात होता. बाहेर काढला तेव्हा सूर भलतीकडे, आणि आवाज मुका. रोज हात पडला नाही तर चामडं आखडतं, घरं एकमेकांशी जुळत नाहीत. नुसता बरोबर असलेला तबला आणि वाजता तबला, यांत फार अंतर आहे. तेव्हापासून रियाज दोघांवर वाटून घेतो.

आज सकाळी पहिला अर्धा तास नेहमीच्या तबल्यावर बसलो, नंतरचा दुसऱ्यावर. दुसऱ्याची दोन घरं अजून किंचित खाली बोलतात. जेवणं झाली की पुन्हा हातोडी घेऊन बसेन, मगच तो पिशवीत जाईल.