गाडी चालवत नाही, असं कळवावं लागतं

मराठीत माणूस ‘रस्त्यावर आला’ म्हणजे त्याचं होतं-नव्हतं ते गेलं. गाडीचं उलट. ती रस्त्यावर आहे तोवर तिचं बरं चाललंय. ब्रिटनमध्ये रस्त्यावरून काढून घेतलेल्या गाडीसाठी एक सरकारी शब्द आहे, ‘सॉर्न’. ‘स्टॅच्युटरी ऑफ रोड नोटिफिकेशन’ या लांबलचक नावाची ही आद्याक्षरं. लोक मात्र त्याचं क्रियापद करून मोकळे झालेत. ‘गाडी सॉर्न केली’ असं इथे सहज म्हणतात.

नियम असा आहे की तुमच्या नावावर गाडी असेल तर तिचा रोड टॅक्स आणि विमा चालू हवा, नाहीतर ‘ही गाडी मी रस्त्यावर आणत नाही’ असं डीव्हीएलएला, म्हणजे तिथल्या वाहन नोंदणी खात्याला, कळवलेलं हवं. तिसरा पर्याय नाही. गाडी गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली धूळ खात पडली असेल आणि तुम्ही काहीच कळवलं नसेल, तर घरी ८० पौंडांच्या दंडाचं पत्र येतं. म्हणजे गाडी न चालवल्याबद्दल दंड नाही, ती चालवत नाही हे न सांगितल्याबद्दल आहे. सांगायला पैसे पडत नाहीत. गाडीच्या नोंदणीपुस्तकावरचा अकरा आकडी क्रमांक टाकायचा, की झालं. टॅक्सचे पूर्ण महिने उरले असतील तर तेवढे पैसे परतही मिळतात.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे विचित्र वाटतं. आपल्याकडे खासगी गाडीचा कर नोंदणीच्या वेळीच एकरकमी भरून टाकतात. त्यामुळे सोसायटीच्या पार्किंगमध्ये चारही टायर बसलेली एखादी मारुती वर्षानुवर्षं उभी असते, मांजरं तिच्या टपावर झोपतात, आणि ‘तुम्ही ही वापरता का हो?’ असं सोसायटीच्या सेक्रेटरीखेरीज कुणी विचारत नाही.

मला सुरुवातीला या सॉर्नचा रागच आला होता. मी काही करत नाहीये, तर त्याचा हिशेब सरकारला का द्यायचा? केलेल्या गोष्टीचा जाब विचारा की. पण यामागचं कारण कळल्यावर राग थोडा उतरला. हा नियम ३१ जानेवारी १९९८ ला आला. त्याआधी टॅक्स न भरलेला माणूस पकडला गेला की ‘गाडी वापरतच नव्हतो’ म्हणून सुटायचा प्रयत्न करायचा. ते खरंही असायचं, खोटंही असायचं, आणि बाहेरून दोन्ही सारखंच दिसायचं. नियमानं एवढंच केलं, की ‘वापरत नाही’ हे वाक्य पकडले गेल्यावर वापरता येईना. ते आधीच बोलून ठेवावं लागू लागलं.

आपल्या घरांतही हा फरक आहे. चातुर्मासात आजी कांदा-लसूण सोडते. एखाद्याच्या घरी चार महिने कांदाच आला नाही, तर पोटात कांदा दोघांच्याही गेलेला नसतो, पण दुसऱ्यानं काही सोडलं असं आपण म्हणत नाही. आजीनं आषाढीला ठरवलं, घरात सांगितलं, आणि कार्तिकीला ती सोडणार हेही सगळ्यांना माहीत आहे. तिच्या न खाण्याला सुरुवात आहे, शेवट आहे, साक्षीदार आहेत. आपलं बहुतेक आयुष्य मात्र दुसऱ्या प्रकारात जातं. रियाझ बंद पडतो, मित्राला फोन करणं राहून जातं, अर्धवट पीएचडी कपाटात जाते. कुणी विचारलं तर आपण ‘सध्या जरा थांबलंय’ म्हणतो. कधीपासून थांबलंय, ते सांगता येत नाही, कारण थांबवलं असं कुणी नव्हतंच.

म्हणून मला वाटू लागलं होतं, की हा नियम माणसांनाही लावावा. मग काकूंची गाडी पाहिली.

मी रेडिंगमध्ये राहतो. दोन गल्ल्या सोडून एक मराठी काकू आहेत. त्यांचे यजमान गेले आणि त्यांची गाडी घरासमोरच्या ड्राइव्हवे-वर राहिली. सॉर्न गाडीबरोबर पुढच्या माणसाकडे जात नाही. आधीच्याची घोषणा त्याच्यापुरती. गाडी ठेवायची तर नव्या नावावर करून पुन्हा टॅक्स भरा, किंवा नव्यानं कळवा. काकूंना गाडी चालवता येत नाही, कधी शिकल्याच नाहीत. तरी त्या फॉर्मवर, नवरा गेल्याला दोन महिनेही झाले नसताना, ही गाडी मी रस्त्यावर आणणार नाही असं त्यांना स्वतःच्या नावानं लिहावं लागलं. मुलगा म्हणत होता, विकून टाक. त्या म्हणाल्या, आत्ता नाही. फॉर्मला तेवढं पुरलं. ‘आत्ता नाही’ आणि ‘कधीच नाही’ यांना तिथे वेगळे रकाने नाहीत.

पूर्वी सॉर्न दर वर्षी नव्यानं करावं लागे. डिसेंबर २०१३ पासून ती अट गेली. आता एकदा कळवलं की गाडी विकेपर्यंत, भंगारात काढेपर्यंत, कायमची परदेशी पाठवेपर्यंत किंवा पुन्हा टॅक्स भरेपर्यंत ते चालूच राहतं. सरकारच्या बाजूनं हे शहाणपणाचं आहे. लोकांना ‘अजूनही नाही ना?’ असं दर वर्षी विचारण्यात कागद आणि टपाल वाया. पण काकूंच्या बाबतीत मला वाटतं, की काहीतरी गेलं. जुन्या पद्धतीत वर्षातून एकदा तरी त्यांना ठरवावं लागलं असतं. आता त्यांनी एकदा, सर्वात वाईट महिन्यात दिलेलं उत्तर तसंच पुढे चाललंय, आणि त्यांच्याकडून वाढवून घ्यायला कुणी येत नाही.

यावर एक मैत्रीण मला म्हणाली, ‘दर वर्षी नवऱ्याच्या गाडीबद्दल सरकारी पत्र? तुला हे बरं वाटतं?’ तिचं चूक नाही. न विचारणं ही दयाही असू शकते. पण न विचारणाऱ्याला ती दया वाटते म्हणून ती दया होते असं नाही. काकूंच्या मुलानं गाडीचा विषय काढणं सोडून दिलंय, तिला त्रास नको म्हणून. त्यामुळे या गाडीबद्दल आता फक्त एक वेबपेज बोलतं.

ते पेज कुणालाही उघडतं. पूर्वी काचेवर टॅक्सची गोल चकती लावावी लागे, ती १ ऑक्टोबर २०१४ पासून बंद झाली. आता नंबरप्लेट टाइप केली की गाडी कुठल्या कंपनीची, रंग कुठला, टॅक्स आहे का, एमओटी म्हणजे वार्षिक तपासणी कधी संपली, ते सगळं समोर येतं. मालकाचं नाव येत नाही, तेवढी लाज राखलीय. शेजाऱ्याची गाडी तपासून बघणारे लोकही इथे आहेत. हा त्यांचा हक्क असेल, पण मला तो उद्योग आवडत नाही.

काकू मात्र स्वतःचीच गाडी तपासायला सांगतात. ‘बघ रे जरा, काय दाखवतंय.’ दंडाची भीती, असं मी आधी समजत होतो. पण स्टेटस बदलणार नाही, हे त्यांनाही पक्कं माहीत आहे. मी नंबर टाकतो, सॉर्न असं दिसतं, मी वाचून दाखवतो. त्या ‘बरं’ म्हणतात आणि चहा ठेवतात. कुणीतरी त्या गाडीबद्दल विचारलेलं असतं, भले त्यांनी स्वतःच विचारायला लावलेलं असो.

सॉर्न असलेली गाडी रस्त्यावर नेली तर खटला होऊन २,५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. सवलत आहे ती आधी वेळ ठरवलेल्या एमओटीसारख्या तपासणीला जाण्यापुरती. विमा तेव्हाही लागतोच. म्हणजे परत येता येतं का, हे बघायला जाण्यापुरता रस्ता कायद्यानं उघडा ठेवलाय.

मागच्या खेपेला स्टेटस वाचून झाल्यावर मी म्हटलं, ‘काकू, एमओटीची वेळ घेऊ का? विम्याचं बघून मी चालवीन.’

त्या खिडकीतून गाडीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, ‘आधी टायर बघावे लागतील.’