अडलं कुठे, सुटलं कसं

झेरॉक्सची फोटोकॉपी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर ज्युलियन ऑर हे मानववंशशास्त्रज्ञ बराच काळ हिंडले. कंपनीने प्रत्येकाच्या हातात मॅन्युअल दिलं होतं: यंत्राने अमुक एरर कोड दाखवला की तमुक करा. एका ठिकाणी मात्र कोडच दिशाभूल करत होता. तंत्रज्ञाने वरिष्ठ तज्ज्ञाला बोलावलं, तर त्यालाही उलगडा होईना. मग दोघं यंत्रापाशीच थांबले. पूर्वी कुठल्या यंत्राने कसं छळलं होतं ते एकमेकांना सांगत राहिले, मधूनमधून चाचण्या घेत राहिले, आणि त्या बोलण्यातूनच बिघाड हाती लागला. सकाळच्या नाश्त्यालाही ही मंडळी जमत आणि हट्टी यंत्रांचे किस्से सांगत. वरवर पाहणाऱ्याला तो वेळेचा अपव्यय वाटला असता. ऑर यांनी १९९६ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं की खरं काम शिकलं जात होतं ते तिथेच.

पुढे झेरॉक्सने ‘युरेका’ नावाची व्यवस्था उभी केली. तंत्रज्ञाला सापडलेली युक्ती जाणकार सहकारी तपासणार आणि मग ती सर्वांना खुली होणार. युक्तीसाठी रोख बक्षीस द्यावं का, असा प्रश्न निघाला तेव्हा तंत्रज्ञांना पैशापेक्षा युक्तीखाली आपलं नाव हवं होतं. आपण कुठे अडलो आणि कसे सुटलो हे सांगणाऱ्याला या मंडळींत मान होता.

विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत हा मान कुणाला मिळतो? सिनिअर ज्युनिअरला पुष्कळ काही देतात. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका, नोट्स, पूर्ण झालेलं जर्नल, कुठले सर व्हायवाला काय विचारतात याची खबर, मेस कुठली बरी. एकच गोष्ट पुढे सरकत नाही. तिसऱ्या सत्रात केटी लागली, म्हणजे विषय राहिला, तेव्हा घरी कसं सांगितलं, महिनाभर वर्गात जावंसं वाटेना तेव्हा काय केलं, सगळ्यांना समजतंय आणि आपल्यालाच नाही ही भावना कधी ओसरली, हे कुणी सांगत नाही. प्रवेशद्वारावरच्या फलकावर प्लेसमेंट मिळालेल्यांचे फोटो पॅकेजच्या आकड्यांसह झळकतात. मराठी माध्यमातून येऊन पहिल्या वर्षाच्या इंग्रजी व्याख्यानात गप्प बसलेल्या मुलीला तो फलक काय सांगतो? इथे सगळे सरळ वर चढतात, अडखळणारी तू एकटीच.

हा समज मोडता येतो. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांचा प्रयोग २०११ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या एका नामांकित विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांना वरच्या वर्गांतल्यांचे अनुभव वाचायला दिले: आपण इथले नाही असं सुरुवातीला बहुतेकांना वाटलं, नंतर ते निवळलं. मग मुलांनी स्वतःचा अनुभव लिहिला आणि पुढे येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी कॅमेऱ्यासमोर वाचला. सारं मिळून साधारण तासाभराचं काम. तीन वर्षांत कृष्णवर्णीय आणि गोऱ्या विद्यार्थ्यांच्या गुणांतली दरी निम्म्यावर आली, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या डॉक्टरांकडच्या फेऱ्याही घटल्या. मात्र याच धर्तीवर २२ संस्थांत झालेला मोठा अभ्यास २०२३ मध्ये आला आणि त्याने एक अट दाखवून दिली. जिथे संस्था खरोखर सामावून घेते, तिथेच हा तास फळतो. नुसत्या गोड गोष्टींनी भागत नाही.

सामावून घेण्यात मूल्यमापनही येतं. मायक्रोसॉफ्टमध्ये अनेक वर्षं कर्मचाऱ्यांची एकमेकांशी तुलना करून ठरावीक जणांना खालच्या श्रेणीत टाकलं जाई. अशा ठिकाणी सहकाऱ्याला शिकवणं म्हणजे स्वतःची श्रेणी धोक्यात घालणं. २०१३ मध्ये कंपनीने ती पद्धत सोडली. आपल्याकडे रिलेटिव्ह ग्रेडिंग चालवणाऱ्या संस्थांनी हे मनावर घ्यायला हवं. शेजारच्याला गणित समजावलं तर आपली ग्रेड घसरेल अशी भीती घालायची आणि वर एकमेकांना साथ द्या म्हणायचं, हा मुलांवर अन्याय आहे.

प्रश्न नुसत्या गुणांचा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी जीव दिला, आणि राज्यांत सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची होती. प्रत्येक मृत्यूमागची कारणं गुंतागुंतीची असतात. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं. टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे. जो संकटात आहे त्याला प्रशिक्षित माणूसच हवा, सिनिअरचा किस्सा त्याची जागा घेऊ शकत नाही. पण समुपदेशकाच्या दारापर्यंत मुलगा जातो केव्हा? बहुधा आधी कुणीतरी गेलेलं असतं आणि ते त्याने मोकळेपणी सांगितलेलं असतं तेव्हा.

असं मोकळेपणी सांगितलं जावं यासाठी नवा विभाग उघडायला नको. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी ‘दीक्षारंभ’ हा कार्यक्रम आखून दिला आहे. त्यातले काही तास पाहुण्यांच्या भाषणांऐवजी केटी सोडवून पुढे गेलेल्या, मध्ये वर्ष गमावून परतलेल्या, मदत मागितलेल्या सिनिअरांना द्यावेत. ज्यांची स्वतःहून बोलायची तयारी आहे त्यांनाच. प्राध्यापकांनीही सोबत बसावं. तेव्हा प्रिन्स्टन विद्यापीठात असलेले योहानेस हाउसहोफर यांनी २०१६ मध्ये आपल्या अपयशांची यादी जाहीर केली होती: नाकारलेले प्रवेश, न मिळालेल्या नोकऱ्या, परत आलेले शोधनिबंध. अशी यादी प्रत्येक विभागप्रमुखाकडे असते, आणि ती पहिल्याच आठवड्यात वर्गात वाचता येईल.