काटा बरोबर होता

गळीत हंगाम ऐन भरात होता आणि उसाच्या ट्रॅक्टरांची रांग कारखान्याच्या गेटाबाहेर पार डांबरी रस्त्यापर्यंत गेली होती. एका शेतकऱ्याची दोन ट्रॉल्यांची जोडी काट्यावर चढली, वजन झालं, पावती हातात आली, आणि तो पुढे सरकेना. मागून हॉर्न वाजू लागले. आधी वजन करून गेलेला गाडीवाला त्याच्याच गावचा होता. त्याला हाक मारून त्याची पावती मागून घेतली आणि दोन्ही पावत्या खिडकीच्या फळीवर शेजारी शेजारी ठेवल्या.

"क्लार्कसायेब, ह्ये बगा की. त्येचं बी २१,३४० किलो आन माजं बी २१,३४०. ट्रॉल्या येगळ्या, रान येगळं. वजन तेवढं सारकं व्हय?"

"अवो, होतंय कधी कधी. घ्या गाडी फुडं."

"आन मग ह्ये काय?" त्याने मोबाइल पुढे केला. गाडी काट्यावर उभी असताना बाहेरच्या मोठ्या लाल आकड्यांचा फोटो त्याच्या पोराने काढला होता. २३,१८०.

म्हणजे १,८४० किलोंचा फरक. काटामारी हा शब्द रांगेच्या शेवटच्या ट्रॅक्टरपर्यंत पोचायला फार वेळ लागला नाही. संध्याकाळपर्यंत काटा बंद, संचालक हजर, आणि चौकशी होईपर्यंत क्लार्कला घरी बसायला सांगितलेलं. दोन दिवसांनी भरारी पथक आलं. वैधमापन निरीक्षकाने प्रमाणित वजनं काट्यावर ठेवून पाहिली. काटा बिनचूक निघाला, आणि क्लार्कचं उरलंसुरलं नशीबही फिरलं. काटा बरोबर असेल तर चोर माणूसच असणार, एवढा हिशेब गावाला येतो.

ज्या पुण्याच्या कंपनीने ती यंत्रणा बनवली होती, तिथे हे प्रकरण एका नव्या मुलीच्या टेबलावर आलं. तिच्या घरचा ऊस दुसऱ्या एका कारखान्याला जायचा, त्यामुळे काटामारी म्हणजे काय ते तिला समजावून सांगावं लागलं नाही.

यंत्रणेची रचना साधी होती. प्रोग्रॅममध्ये दोन थ्रेड. पहिला लोडसेलचं वजन स्थिर होण्याची वाट बघायचा, ते मेमरीत लिहायचा आणि मग 'तयार' नावाचा फ्लॅग एकवर न्यायचा. दुसरा थ्रेड त्या फ्लॅगकडे टक लावून बसलेला. फ्लॅग एक दिसला की मेमरीतलं वजन उचलायचं आणि गाडीच्या नंबरासकट पावती छापायची. बाहेरचे लाल आकडे या भानगडीत नव्हतेच. ते थेट लोडसेलकडून येत, म्हणून तेच खरं बोलले. कोड आठ वर्षांपूर्वीचा. लिहिणारे आता विभागप्रमुख झाले होते आणि सगळे त्यांना सर म्हणत. वजन आणि फ्लॅग दोन्हींवर त्यांनी 'व्होलटाइल' असा शिक्का मारून ठेवला होता. त्या पिढीच्या बहुतेक प्रोग्रॅमरांचा या शिक्क्यावर अंगाऱ्यासारखा विश्वास असतो.

यंदा बदललं होतं एवढंच, की जुना इंटेलचा बोर्ड बाजारातून गेला आणि त्याच्या जागी चार कोअरचा, स्वस्तातला एआरएमचा बोर्ड आला. कोड तोच.

तिने आधी लॉग टाकले. प्रत्येक पायरीला एक ओळ छापायची, म्हणजे कुठे काय होतंय ते कळेल. लॉग टाकले आणि चूक गायब झाली. लॉग काढले, चूक परत. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलाने सुचवलं, फ्लॅग अ‍ॅटॉमिक कर. त्याने स्वतःच तो करून दिला आणि वेग जाऊ नये म्हणून सोबत 'रिलॅक्स्ड' असंही लिहिलं. चूक तशीच. सर येता जाता थांबले. "अगं, मध्ये दहा मायक्रोसेकंदांचा डिले टाक आणि पाठवून दे. हंगाम चालू आहे."

"सर, डिलेने चूक जाते की लपते?"

"कारखान्याला दोन्हीत फरक पडत नाही."

तिला पडत होता. तिने खऱ्या काट्याचा नाद सोडला आणि एक छोटा प्रोग्रॅम लिहिला: एक थ्रेड आकडा लिहितो आणि फ्लॅग वर करतो, दुसरा फ्लॅग बघून आकडा वाचतो, आणि हे अखंड चालू. कपाटातला जुना इंटेलचा बोर्ड काढला, नवा त्याच्या शेजारी ठेवला, दोन्हींवर रात्रभर प्रोग्रॅम चालवला. सकाळी जुन्या बोर्डावर एकही चूक नव्हती. नव्यावर मूठभर होत्या, आणि प्रत्येकीत तेच: फ्लॅग नवा, आकडा जुना.

सरांना तिने केबिनमध्ये जाऊन दाखवलं. ते स्क्रीनकडे बघत म्हणाले, "पण मी आधी वजन लिहितो, मग फ्लॅग. उलटं होईलच कसं?"

"तुम्ही लिहिता त्याच क्रमाने, सर. दुसऱ्या कोअरला ते त्याच क्रमाने दिसेल असं कोणी कबूल केलेलं नाही."

खरी गोष्ट ती हीच. एखादा कोअर मेमरीत काही लिहितो तेव्हा ते तडक सगळ्यांना दिसत नाही. मधे बफर असतात, प्रत्येक कोअरची वेगळी कॅश असते, आणि वेग साधण्यासाठी चिप आपली कामं मागेपुढे करते. स्वतःच्या थ्रेडला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही, एवढं पथ्य ती पाळते. शेजारच्या कोअरला काय दिसेल याची जबाबदारी तिच्यावर नसते. आधी मनिऑर्डर केली आणि मग 'पैसे पाठवलेत' असं पत्र टाकलं, तरी गावी पत्र आधी पोचू शकतं, तसंच हे. आणि घोळ वाचणाऱ्याकडेही होतो: फ्लॅग नीट तपासून होण्याआधीच तो कोअर पुढचं वजन अंदाजाने वाचून ठेवू शकतो.

यात इंटेलचं घराणं कडक. तिथे एका कोअरने केलेल्या नोंदी इतरांना लिहिल्या त्याच क्रमाने दिसतात आणि वाचनंही एकमेकांना ओलांडत नाहीत. एआरएमने ही बंधनं घातलेली नाहीत. आणि व्होलटाइल? तो शिक्का फक्त कंपायलरसाठी असतो. कंपायलरने त्या नोंदी गाळू नयेत, आपसात हलवू नयेत, एवढाच त्याचा अधिकार. चिपपर्यंत तो पोचतच नाही. शेजारच्या मुलाचा अ‍ॅटॉमिकही म्हणूनच फुकट गेला होता. अ‍ॅटॉमिक म्हणजे आकडा अर्धवट दिसणार नाही, पूर्ण जुना किंवा पूर्ण नवा दिसेल. रिलॅक्स्ड लिहिलं की तेवढीच खात्री उरते. आजूबाजूच्या नोंदींचा क्रम मोकळाच राहतो. पावतीवरचे २१,३४० अर्धवट कुठे होते? चांगले सगळेच्या सगळे आधीच्या गाडीचे होते.

"आठ वर्षं चाललं की गं," सर म्हणाले.

बैठकीत व्यवस्थापकांनीही तेच वाक्य म्हटलं. तेव्हा तिने १४ ऑगस्ट २००३ सांगितला. त्या दिवशी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ओंटारिओ अंधारात गेला, सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. ओहायोतल्या एका वीजकंपनीच्या नियंत्रण कक्षात धोक्याच्या सूचना देणारा प्रोग्रॅम त्या दुपारी मुकाट बंद पडला होता, आणि तासाहून अधिक काळ कोणाला ते कळलं नाही. दोन प्रक्रिया एकाच वेळी एकाच नोंदीवर लिहायला गेल्या होत्या. चूक आपल्यापेक्षा वेगळी, पण तो प्रोग्रॅमही तोवर चांगला चाललेलाच होता, असं ती म्हणाली. व्यवस्थापकांनी घड्याळ बघितलं आणि दुरुस्तीला परवानगी दिली.

दुरुस्ती दोन ओळींची. फ्लॅग लिहिताना 'रिलीज', वाचताना 'अक्वायर'. रिलीजचा अर्थ, याच्या आधी मी जे लिहिलं ते या फ्लॅगच्या मागे राहणार नाही. अक्वायरचा अर्थ, हा फ्लॅग बघितल्याशिवाय मी पुढचं वाचणार नाही. दोन्ही टोकांनी म्हणावं लागतं. एकट्याच्या बोलण्याला किंमत नाही. सी आणि सी++ या भाषांच्या प्रमाणकात ही सोय २०११ पासून आहे, म्हणजे सरांनी कोड लिहिला तेव्हाही होती. नव्या बोर्डावर कंपायलरने यासाठी खास सूचना वापरल्या. जुन्या बोर्डासाठी तोच कोड कंपाइल केला तर या दोन शब्दांसाठी एकही जास्तीची सूचना निघाली नाही. इंटेलवर ही हमी फुकट होती. आठ वर्षं ती मागितली नव्हती, एवढंच.

गोष्ट इथे संपली असती तर सरांनाही बरं वाटलं असतं. माझा कोड इंटेलवर बरोबर होता, बोर्ड बदलणाऱ्यांनी विचारायला हवं होतं, असं ते म्हणू शकले असते, दोनदा म्हणालेही. पण मुलीने फाइल शेवटपर्यंत वाचली होती.

काटा रिकामा असताना त्यावर साचलेल्या चिखल-पाचटाचा भार वजा करून शून्य पुन्हा लावणारा आणखी एक थ्रेड होता. वजन चालू असताना त्याने शून्याला हात लावायचा नाही, आणि शून्य लागत असताना वजन घ्यायचं नाही. त्यासाठी सरांनी दोन फ्लॅग ठेवले होते. प्रत्येकाने आधी आपला फ्लॅग वर करायचा, मग दुसऱ्याचा बघायचा. त्याचा वर असेल तर थांबायचं. ही युक्ती जुनी आणि घरंदाज. दोघांनी एकच वस्तू वापरायचा प्रश्न डेकर नावाच्या डच गणितज्ञाने याच पायावर पहिल्यांदा बिनचूक सोडवला, आणि डायक्स्ट्राने १९६५ मध्ये त्याचं श्रेय त्याला देऊन तो उपाय लिहून ठेवला. त्याची सिद्धता आजही चोख आहे. फक्त तिच्या पोटात एक न लिहिलेली अट आहे, की मेमरी सगळ्यांची एकच आणि सगळं तिथे एकापाठोपाठ एक घडतं. ही अट लेस्ली लॅम्पोर्टने १९७९ मध्ये नाव देऊन कागदावर मांडली.

इंटेल ती अट पाळत नाही. इतक्या कडक घराण्यातही एक पळवाट आहे: कोअरची नोंद त्याच्या बफरात अडकलेली असताना त्याचं पुढचं वाचन पुढे निघून जाऊ शकतं. म्हणजे दोन्ही थ्रेड आपापला फ्लॅग वर करतात, दोघांचीही नोंद अजून बफरातच असते, दोघेही समोर बघतात, दोघांनाही समोरचा फ्लॅग खाली दिसतो. आणि दोघेही आत शिरतात. इथे रिलीज-अक्वायर पुरत नाही. नोंद आणि वाचन यांच्यामध्ये पक्का अडसर घालावा लागतो आणि त्याची किंमत इंटेलवरही मोजावी लागते.

तिने जुन्या बोर्डावर यासाठीही छोटा प्रोग्रॅम लिहिला. या वेळी रात्रभर थांबावं लागलं नाही. दोघे आत शिरल्याच्या नोंदी चहा येईपर्यंत स्क्रीनवर होत्या.

सर बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "काट्यावर याने किती फरक पडला असेल?"

"किती चिखल साचला होता त्यावर. दहा-वीस किलो. कधी इकडे, कधी तिकडे."

"कोणाच्या लक्षात येणार नाही एवढा."

"हो."

दोन्ही दुरुस्त्या गेल्या. कारखान्याला पाठवायच्या पत्रात पहिलीच लिहावी, न विचारलेलं कशाला सांगायचं, असं व्यवस्थापकांचं म्हणणं पडलं. व्यवहाराला धरूनच होतं ते. सर म्हणाले, "दुसरीही लिही. कोड माझा आहे, सही मी करतो." मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात कौतुक करण्याजोगं एवढंच एक वाक्य आहे. मुलगी हुशार होती, पण हुशार माणसं पुण्यात गल्लोगल्ली सापडतात.

शेतकऱ्याला १,८४० किलोंचे पैसे मिळाले. क्लार्क कामावर रुजू झाला. त्याच्या घरी बसण्याचं कारण कारखान्याच्या दप्तरात 'तांत्रिक बिघाड' असं नोंदवलं गेलं. वास्तविक बिघाड कशातच नव्हता. चिपने तिच्या माहितीपुस्तकात जे स्पष्ट छापलं आहे तेच केलं होतं. कारखान्याचं उत्तर आलं ते पत्राच्या पहिल्या परिच्छेदापुरतं; दुसऱ्याबद्दल आजवर कोणी काही विचारलेलं नाही. आधीच्या आठ हंगामांच्या पावत्या कारखान्यात आहेत, पण त्यांतल्या कोणत्या चुकल्या आणि कितीने, हे त्यांच्यावरून आता कोणालाच काढता येणार नाही.