माळवद, पत्रा आणि चाळीस वर्षं

किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. सुमारे आठ हजार माणसं गेली, त्यातली कितीतरी स्वतःच्याच घराखाली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडांवर थापलेला मातीचा थर. उन्हाळ्यात हेच माळवद घर गार ठेवायचं. आपलं देशी इन्सुलेशनच ते. त्याच्याच वजनाखाली माणसं सापडली.

त्यानंतर डोक्यावर हलकं छप्पर बरं, असं वाटणं साहजिक होतं. टिन मे महिन्यात भाजून काढतं, म्हणून मग जरा कमी तापणारा ‘सिमेंटचा पत्रा’. नांदेडला आमच्या मागच्या खोलीवरही तोच आहे. नावात सिमेंट आहे. आतल्या ॲस्बेस्टॉसचं नाव कुणी काढत नाही.

धड असलेल्या पत्र्यातून तंतू फारसे सुटत नाहीत, हे मान्य. सुटतात ते कापताना, भोक पाडताना, फुटल्यावर. ॲस्बेस्टॉसचा प्रत्येक प्रकार कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. युरोपीय संघात २००५ पासून त्यावर बंदी आहे. आपण खाणींचे नवे परवाने १९८६ मध्ये थांबवले आणि माल बाहेरून आणत राहिलो. खणायला वाईट, पण डोक्यावर घ्यायला चालतो! हे कोडिंगमध्येही चाललं नसतं.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी चाळीस वर्षं जपायला सांगितल्या, कारण आजार उगवायला काही दशकं लागतात. पण लातूरच्या गल्लीत ग्राइंडरने पत्रा कापणाऱ्या मिस्त्रीची नोंद कुठे आहे? तो साठीत खोकायला लागला, तर बोट दाखवायचं कुणाकडे? नुकसान कुणामुळे झालं ते नंतर शोधता येत नसेल, तर जबाबदारी आधीच ठरवायला हवी. नियमन मला हवं वाटतं ते त्यासाठी.

बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, “मग वर काय टाकू?”

पुण्यात स्लॅबखाली, एसीत बसून बंदी मागणं सोपं आहे. नुसती बंदी आली तर गरीब टिनाखाली जाईल, आणि उष्माघातानेही माणसं मरतात. ॲस्बेस्टॉस नसलेले फायबर सिमेंटचे पत्रे मिळतात. किमतीतला फरक सरकारने घरकुलाच्या अनुदानात धरावा. बंदी त्याच आदेशात यावी, आधी नको. तोवर पत्र्यावर मोठ्या मराठी अक्षरांत ‘यात ॲस्बेस्टॉस आहे’ एवढं तरी छापा, आणि कापताना त्यावर पाणी मारत राहा.