कडेची नजर

डोळे तपासायला गेलं की लक्ष भिंतीवरच्या तक्त्याकडे जातं. मोठी अक्षरं कुणीही वाचतं. खरी धडपड शेवटच्या ओळीसाठी असते. ती वाचली की बरं वाटतं. डोळे ठणठणीत आहेत, असं आपलं आपणच ठरवून मोकळे होतो.

पण तक्ता विचारतो ते फक्त मधल्या नजरेला. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध एक इवलासा भाग आहे. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं, सगळं त्याच्या जिवावर चालतं. बाकीचा पडदा त्याच्या भोवती पसरलेला. त्याला कुणी काही विचारत नाही, आणि तोही होऊन काही सांगत नाही.

सिकलसेल डोळ्यात शिरतो तो बहुधा या न बोलणाऱ्या भागातून.

गडचिरोली, मेळघाट, नंदुरबार या पट्ट्यात हा आजार नवा नाही. हिमोग्लोबिनच्या साखळीतला एक दुवा बदललेला असतो, एवढंच. प्राणवायू कमी पडला की तांबडी पेशी लवचीकपणा सोडते, विळ्यासारखी वाकते, ताठरते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही १०-२० दिवसांत संपते. तेवढ्या आयुष्यातही ती बारीक वाहिन्यांमध्ये अडकून बसते. हाडात अडकली तर माणूस रात्रभर कण्हतो. पडद्याच्या कडेला अडकली तर काहीच होत नाही. म्हणजे, काहीच दुखत नाही.

कालव्याच्या टेलला ज्याचं शेत आहे, त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. पाणी वर कुठंही अडो, कोरडं पडतं ते टेलचंच वावर. पडद्याच्या कडेच्या वाहिन्या सगळ्यांत बारीक आणि सगळ्यांत शेवटच्या. तिथं रक्त पोचेनासं झालं की उपाशी राहिलेला भाग नव्या वाहिन्या मागवून घेतो. त्या पंख्याच्या आकारात पसरतात. एका प्रवाळावरून डॉक्टर त्यांना ‘सी फॅन’ म्हणतात. फोटोत त्या देखण्या दिसतात. पण भिंती कच्च्या. फुटल्या तर डोळ्यात रक्त उतरतं, ओढ बसली तर पडदा सुटतो. कधी कधी हे पंखे आपोआप सुकूनही जातात, कारण त्यांच्यातलंही रक्त तुंबतं. रोगाचा काटा रोगानेच निघतो. याचं कौतुक करावं की नाही, मला ठरवता येत नाही.

ही कड पाहायची कशी? साधा फंडस कॅमेरा एका वेळी ३० ते ५० अंशांचा तुकडा टिपतो. म्हणजे यंत्राचीही खोड तक्त्यासारखीच. स्कॉटलंडमधल्या डग्लस अँडरसन यांच्या लहान मुलाचा पडदा सुटला. तपासण्या होत होत्या, तरी वेळेत कळलं नाही, आणि एका डोळ्याची दृष्टी गेली. त्यानंतर या बापाने एकाच फोटोत सुमारे २०० अंश टिपणारा कॅमेरा घडवायला घेतला. आज सिकलसेलच्या डोळ्यांसाठी तसे कॅमेरे फार उपयोगी पडतात.

कधी हाताच्या शिरेत पिवळं औषध टोचतात. दहा-पंधरा सेकंदांत ते पडद्यात पोचतं. निळ्या प्रकाशात वाहिन्या एकामागून एक उजळत जातात. कडेकडे जाताना एखादी मध्येच थांबते. तिच्यापुढं नुसता काळोख. जवळपास गळका पंखा असेल, तर तेवढाच ठिपका पसरत पसरत पांढरा होतो. (दिवसभर लघवी पिवळीजर्द होते; हे आधी सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर घरचे घाबरतात.)

जमैकात, किंग्स्टनच्या एका प्रसूतिगृहात, १९७३पासून १,००,००० नवजात बाळांचं रक्त तपासलं गेलं. त्यात सापडलेली सिकलसेलची मुलं पुढं वर्षानुवर्षं डॉक्टरांच्या नजरेखाली राहिली. सिकलसेलच्या एसएस या प्रकाराच्या मुलांना एकंदर त्रास जास्त, एससी या दुसऱ्या प्रकाराच्या मुलांना कमी. डोळ्यांचं मात्र उलटं निघालं. पंचविशीच्या सुमारास अशा नव्या वाहिन्या एसएसच्या १४ टक्के रुग्णांत होत्या, एससीच्या ४३ टक्के. एससी प्रकार आपल्याकडे क्वचितच आढळतो. पण ‘त्याला काही त्रास नाही’ हे वाक्य आता मला पूर्वीइतकं निर्धास्त करत नाही.

दहाव्या वर्षापासून दर एक-दोन वर्षांनी, तक्रार नसली तरी, बाहुली मोठी करून पडदा पाहावा, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. थेंब घातले की काही तास जवळचं वाचता येत नाही, ऊन सोसत नाही. त्या दिवशी मुलाची शाळा बुडते आणि सोबत आलेल्या आईची मजुरी. ‘‘त्याले त सगळं दिसते ना जी, मंग कायले दाखवाचं?’’ असं तिनं विचारलं, तर त्यात तिचं काय चुकलं? अशा वेळी बोलण्यापेक्षा फोटो बरा. कडेच्या काळ्या भागावर बोट ठेवता येतं. पुढच्या वर्षीचा फोटो शेजारी ठेवला, की तो तेवढाच राहिला की वाढला, हे तिचं तिलाच पाहता येतं.