‘पुरे’ कुणी म्हणायचं?

जबलपुरात दादाकडे भाचीच्या लग्नाची तयारी चालू होती. समोर टॅब घेऊन पंचविशीतली वेडिंग प्लॅनर बसलेली. हळदीला पिवळ्या छत्र्या, संगीताला वेगळा मंच, भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांपुढे नावेत प्री-वेडिंग शूट. दादा प्रत्येक गोष्टीला ‘घ्या, तेही घ्या’ म्हणत होता. पेन्शनीतला माणूस. बोलताना शर्टाचं एकच बटण सारखं चाचपत होता.

त्या मुलीला मी नावं ठेवणार नाही. आईच्या पिढीतल्या बायका पहाटेपासून चुलीपुढे असत, मंगलाष्टका त्यांनी स्वयंपाकघरातूनच ऐकल्या. विहिणीच्या मानपानात काही उणं राहिलं की मुलीच्या बापाने हात जोडून उभं राहायचं. तो सगळा भार आज कुणी मोबदला घेऊन नीट उचलत असेल, तर मला त्याचा आनंदच आहे. 2010 मध्ये ‘बँड बाजा बारात’ पाहिला तेव्हा हा व्यवसाय दिल्लीवाल्यांचा वाटला होता. आता तो आमच्या दिवाणखान्यात आला आहे.

पण पूर्वी याद्या करायला वडीलधारी बसत, तेव्हा त्यांत एखादी आत्या असायची. ‘शालू एकच पुरे’ म्हणायची आणि विषय संपायचा. प्लॅनरचा मोबदला एकूण खर्चाच्या टक्क्यांवर ठरला, तर ‘पुरे’ म्हणून तिचंच नुकसान. तो आधीच ठरलेल्या रकमेत असावा, असं मला मनापासून वाटतं. असं ‘पुरे’ म्हणणारं लग्न पूर्वीही झालं आहे. 25 डिसेंबर 1873 रोजी पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह झाला. पुरोहित नाही, हुंडा नाही, खर्च अगदी थोडा. त्यासाठी सावित्रीबाई फुले झटल्या. काय काय वगळायचं हे तिथे आधीच ठरलेलं होतं. लग्न उभं करणाऱ्याचं खरं कसब मला तिथे दिसतं.

चहा द्यायच्या निमित्ताने मी त्या मुलीला बाहेर बोलावून विचारलं, ‘तू कुणाला नको म्हणतेस का गं?’

‘म्हणावंसं वाटतं, आत्या. पण घरचंच कुणी म्हणत नाही, मग मी कसं म्हणू?’

या घरातली आत्या मीच होते आणि तासभर गप्प बसले होते.

आत येऊन म्हटलं, ‘दादा, यादी पुन्हा पहिल्यापासून वाचू.’ छत्र्या गेल्या. मंच गेला. शूटवर भाचीने स्वतःच काट मारली. दादाचा हात बटणावरून खाली आला आणि त्याने चहाचा कप उचलला.