सातबारा नसलेले

13 नोव्हेंबर 2018 रोजी ॲमेझॉनने जाहीर केलं की तिच्या दुसऱ्या मुख्यालयाचा निम्मा भाग न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड सिटीत, ईस्ट नदीच्या काठी येणार. तीन महिन्यांनी, 14 फेब्रुवारी 2019 ला, तिने तो बेत सोडूनही दिला. त्या परिसरात भाड्याने राहणारी मुक्ता अजून म्हणते, झालं ते बरं झालं. तिचा मामा पुण्याहून आलाय. मोजणी खात्यातून निवृत्त झालेला, हिंजवडी-माणच्या शिवारात साखळी ओढलेला माणूस. त्याला हे पटत नाही.

मामा: पंचवीस हजार नोकऱ्या दारात आल्या आणि तुम्ही आतून कडी लावली?

मुक्ता: राज्य आणि शहर मिळून 3 अब्ज डॉलरच्या आसपास सवलती देणार होते. भागाकार करून बघ. नोकरीमागे 1 लाख 20 हजार डॉलर!

मामा: सवलत म्हणजे तिजोरीतून मोजून दिलेली रक्कम नव्हे गं. कंपनी येणार, कर भरणार, त्यातला थोडा तुम्ही सोडणार. ती आलीच नाही तर सोडायचं काय?

मुक्ता: सगळीच काही करमाफी नव्हती, काही थेट अनुदानही होतं. पण मला पैशापेक्षा रीत खटकली. 2017 च्या सप्टेंबरात कंपनीने शहरांकडून प्रस्ताव मागवले. 238 आले. नेवार्कसाठी न्यू जर्सीने 7 अब्जांची तयारी दाखवली. टुसॉनवाल्यांनी एकवीस फुटी निवडुंग पाठवला. जॉर्जियातलं स्टोनक्रेस्ट तर 345 एकर तोडून त्या नव्या गावाला ॲमेझॉन नाव द्यायला निघालं.

मामा: स्वयंवरच की!

मुक्ता: हो, आणि हुंडाही ठरवून.

(इथे दोघेही हसले. मला मात्र त्या शहरांचं हसू येत नाही. शेजारचं गाव बोली वाढवतंय म्हटल्यावर आपला महापौर गप्प बसला तर आपणच त्याला नावं ठेवली असती. प्रत्येकजण आपल्यापुरता शहाणपणाने वागतो आणि सगळे मिळून तोट्यात जातात. सॅन अँटोनिओने आधीच अंग काढून घेतलं, पण अशी शहरं मोजकीच.)

मामा: बरं, रीत वाईट. पण त्या क्वीन्सब्रिजचं काय? तूच काल दाखवलंस, देशातली सगळ्यात मोठी सरकारी वसाहत, तिथून हाकेच्या अंतरावर. तिथल्या भाडेकरूंचे काही पुढारी म्हणत होते ना, कंपनी येऊ दे?

मुक्ता: म्हणत होते.

मामा: मग विरोध कुणाचा? तुझं भाडं वाढेल म्हणून तुझा, आणि नाव मात्र गरिबांचं.

मुक्ता: लागलं. पण भाडं वाढल्यावर माझ्याआधी इथून कोण उठेल? कोपऱ्यावरचा लाँड्रीवाला. दीड लाख डॉलरहून जास्त सरासरी पगाराच्या नोकऱ्या त्याच्या पोराला मिळणार होत्या?

मामा: माणला आयटी पार्कासाठी मोजणी करायचो तेव्हाचं सांगतो. सातबाऱ्यावर ज्याचं नाव, त्याला मोबदला. काहींनी पैसा राखला, काही गुंठामंत्री झाले, सोन्याच्या साखळ्या, पांढरी गाडी. आपण त्यांनाच हसतो. पण बांधावर आणखी एकजण उभा असायचा. दुसऱ्याचं रान वाट्याने करणारा. त्याच तुकड्यावर त्याच्या दोन पिढ्या गेलेल्या, पण नकाशात त्याला जागा नाही. मी खुंटी ठोकायचो आणि तो पाणी आणून द्यायचा.

मुक्ता: मग तू माझ्याच बाजूने बोलतोयस!

मामा: अजिबात नाही. त्याची पोरं आज त्याच आयटी पार्कात आहेत. एकजण सिक्युरिटीला, एकजण कंपनीच्या बसवर. पार्क आला नसता तर काय केलं असतं त्यांनी? ज्याचं जाणार त्याला आपण ओळखतो. ज्याला मिळणार तो अजून कुठल्या तरी शाळेत बसलाय, त्याच्या वतीने सभेत कोण उठणार?

मुक्ता: पण तो पाणी देणारा, त्याला कुणी विचारलं का?

मामा: हरकती मागवतात की कायद्याने. ऐकतात असं म्हणत नाही मी. पण नोटीस तरी चावडीवर लागते.

मुक्ता: इथे तीही लागली नाही. आधी गुप्ततेच्या करारांवर सह्या. मग जमीनवापराचा प्रस्ताव सिटी कौन्सिलपुढे न नेता राज्याच्या वाटेने न्यायचं ठरलं, म्हणजे कौन्सिलने मत द्यायचा प्रश्नच उरला नाही. लोकांना कळलं ते थेट ठरल्यावर. मग रस्त्यावर उतरण्याखेरीज काय हातात होतं?

मामा: आणि व्हर्जिनियात? उरलेला निम्मा भाग गेलाच ना तिकडे?

मुक्ता: आर्लिंग्टनला. तिथल्या संरक्षण खात्याच्या कचेऱ्या हलल्या होत्या, इमारती रिकाम्या पडल्या होत्या, त्यांना गरज होती. आणि त्यांचा सौदाही वेगळा. आधी नोकऱ्या दाखवा, मग पैसे, तेही नोकरीमागे बावीस हजारांच्या घरात.

मामा: झालेलं काम मोजून बिल. हे मला आवडलं.

मुक्ता: 2023 मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, आणि त्याच वर्षी दुसरा टप्पा कंपनीने लांबणीवर टाकला. आमच्याकडेही मॅनहॅटनमध्ये दीड हजार माणसांचं ऑफिस तिने घेतलंच, सवलत न मागता.

मामा: पंचवीस हजारांचे दीड हजार. छान सौदा केलात!

(हे मामाचं बोलणं बोचरं आहे, पण हिशेब चुकीचा नाही. नकाराचीही किंमत असते आणि ती भरणारेही बहुधा सातबारा नसलेलेच.)

मुक्ता: मी नकोच म्हणत नव्हते. भाडं बांधून द्या, सबवेसाठी पैसे द्या, इथल्या पोरांना शिकवायची हमी द्या, मग या.

मामा: अट घालायला हातात काहीतरी लागतं. तुझ्याकडे काय होतं?

मुक्ता: मत. विरोधात उभ्या राहिलेल्या इथल्याच सीनेटरचं नाव राज्याच्या मंजुरी मंडळावर सुचवलं गेलं, आणि दहा दिवसांत कंपनी निघून गेली.

मामा: म्हणजे नाही म्हणायची सोय होती. ‘हो, पण असं’ म्हणायला कुठे जायचं?

मुक्ता: सिटी कौन्सिलपुढे. तिथली प्रक्रिया असते साधारण सात महिन्यांची. अटी तिथेच घालतात. तीच तर टाळली.

मामा: सात महिने थांबली असती कंपनी?

मुक्ता: कोण जाणे. चौदा महिने तिने शहरांना थांबवलं होतं.